वाचकांचे प्रश्न : जेडचे बोन्साय, कुंडीपासून ट्रेपर्यंत

पाऊस ओसरून हवा कोरडी होऊ लागली की जेडविषयीची पत्रे एकदम वाढतात, कारण चार महिने ओलीत राहून बिघडलेली झाडे याच सुमारास लोकांच्या नजरेस येतात. या वेळची बहुतेक पत्रे कोल्हापूर शहरातील आणि जिल्ह्यातील आहेत. त्यांतील सहा प्रश्न येथे थोडक्यात देऊन उत्तरे लिहिली आहेत.

त्याआधी एक खुलासा करणे भाग आहे. आपल्याकडच्या रोपवाटिकांत ‘जेड’ या एकाच नावाने दोन निराळी झाडे विकली जातात. एकाची पाने जाड, चकचकीत आणि अंगठ्याच्या पेराएवढी असतात, खोड मांसल असते आणि भरपूर उन्हात पानांच्या कडा लालसर होतात. त्याचे शास्त्रीय नाव क्रासुला ओव्हाटा. दुसऱ्याची पाने करंगळीच्या नखाएवढी, फांद्या तांबूस आणि जरा लवचीक. ते पोर्टुलाकारिया आफ्रा. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची असली तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. दुसऱ्या झाडाला तिकडे स्पेकबूम म्हणतात आणि हत्ती ते आवडीने खातात. पुढील उत्तरांत मी त्यांना मोठ्या पानाचा जेड आणि लहान पानाचा जेड असेच म्हणणार आहे. बोन्सायसाठी माझी पसंती लहान पानाच्या जेडला आहे, कारण वीतभर उंचीच्या झाडावर अंगठ्याएवढी पाने असली की ते झाड कितीही जुने झाले तरी वृक्षासारखे दिसत नाही.

प्रश्न : आठ महिन्यांपूर्वी मी लहान पानाच्या जेडचे ‘बोन्साय’ म्हणून एका उथळ ट्रेमध्ये लावलेले रोप विकत आणले. दिवाणखान्यातील टीव्हीशेजारी ते ठेवले आहे. फांद्या लांबच लांब वाढून खाली लोंबू लागल्या आहेत, पण खोड आहे तेवढेच, पेन्सिलीएवढे बारीक आहे. खत वाढवावे का? – एक वाचक, राजारामपुरी

खत वाढवू नये. आपल्या पत्रात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

पहिली तक्रार उजेडाची. फांदीवरच्या पानांच्या दोन जोड्यांमधले अंतर, म्हणजे पेर, मोजून पाहा. आपल्या भागात उसाची कांडी सर्वांच्या परिचयाची आहे, म्हणून हाच शब्द वापरतो. भरपूर उन्हात वाढलेल्या लहान पानाच्या जेडचे पेर पाव इंचाच्या आसपास राहते. अंधाऱ्या जागी तेच पेर इंचभर लांबते, फांदी पिवळट आणि लेची होते आणि स्वतःच्या वजनाने लोंबते. खिडकीपासून पाच-सहा फूट आत गेल्यावर आपल्या डोळ्यांना खोली उजळ वाटते, परंतु झाडाला मिळणारा उजेड खिडकीतल्या उजेडाच्या काही अंशाएवढाच उरलेला असतो. त्यात डासांची जाळी आणि रंगीत काच असली तर तोही घटतो. ‘इनडोअर बोन्साय’ या शब्दाने पुष्कळ झाडांचे नुकसान केले आहे. जेड घरात तग धरतो, हे खरे आहे, पण वाढण्यासाठी त्याला रोज चार-पाच तास थेट ऊन लागते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी आपल्या खिडक्यांची दिशा नीट पाहावी. कोल्हापूर साधारण 16.7 अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन खोलवर येते, आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असल्यामुळे त्याच खिडकीत दुपारी उन्हाचा कवडसाही पडत नाही. म्हणून दिवाळीपासून होळीपर्यंत दक्षिणेची खिडकी आणि नंतर पूर्वेची गॅलरी, अशी जागा बदलावी. अंधारातून काढलेले झाड एकदम कडक उन्हात ठेवले तर पाने भाजून तपकिरी डाग पडतात, तेव्हा पहिला आठवडा सकाळचे तासभर, दुसरा आठवडा दोन-तीन तास, असे त्याला सवयीने उन्हात न्यावे. टीव्हीशेजारची जागा पाहुणे येणार असतील त्या दिवशी जरूर द्यावी. दोन-तीन दिवसांनी झाड पुन्हा खिडकीत गेले पाहिजे.

दुसरी तक्रार खोडाची, आणि हा माझ्या मते या साऱ्या पत्रव्यवहाराचा गाभा आहे. उथळ ट्रे हा झाडाची वाढ रोखण्यासाठी असतो. मुळांना जागा नाही म्हणून फांद्यांना जोर नाही आणि फांद्यांना जोर नाही म्हणून खोड जाड होत नाही. जाड खोडाचे झाड ट्रेमध्ये बसवले तर ते तसेच टिकते, आणि पेन्सिलीएवढे रोप बसवले तर तेही वर्षानुवर्षे पेन्सिलीएवढेच राहते. आपल्याला विकले गेले ते बोन्साय नव्हते, बोन्सायच्या भांड्यात लावलेली एक फांदी होती. माझ्या हातूनही सुरुवातीला हेच झाले. तीन वर्षे मी एका सुंदर निळ्या ट्रेमध्ये बारीक फांदी जपत बसलो. तिच्याच बाजूची, उरली म्हणून गच्चीवरच्या जुन्या बादलीत खोचलेली फांदी तेवढ्या काळात अंगठ्याहून जाड झाली.

म्हणून आपण ते रोप ट्रेमधून काढून दहा-बारा इंची मातीच्या कुंडीत लावावे. तीन-चार वर्षे त्याला मोकळे वाढू द्यावे. खोडाच्या तळाशी फुटणाऱ्या एक-दोन फांद्या मुद्दाम राखाव्यात आणि त्या कितीही वेड्यावाकड्या वाढल्या तरी छाटू नयेत, कारण त्यांच्यामार्फत होणारी वाढ तळाचे खोड फुगवते. काम झाले की त्या मुळापासून काढून टाकता येतात. ट्रे तोपर्यंत धुऊन कपाटात ठेवावा.

प्रश्न : आमच्या जुन्या वाड्याच्या चौकात सासूबाईंनी लावलेला मोठ्या पानाचा जेड आहे. साधारण बारा वर्षांचा असेल. खोड मनगटाएवढे आहे, उंची तीन फूट. सासूबाई आता नाहीत. त्याचे बोन्साय करायचे आहे, पण कात्री लावायला धीर होत नाही. – एक वाचिका, शिवाजी पेठ

ताई, आपल्याकडे जे आहे ते पैसे देऊनही सहजासहजी मिळत नाही. खोडाची बारा वर्षे त्या झाडाने आधीच पूर्ण केली आहेत, त्यामुळे आपल्याला फक्त आकार द्यायचा आहे. आणि धीर होत नसेल तर पहिले काम असे करावे की कात्रीची चूक झाली तरी झाड हातचे जाणार नाही : आधी त्याच्या चार फांद्या काढून वेगळ्या कुंड्यांत जगवाव्यात. महिन्या-दीड महिन्यात त्या धरल्या की सासूबाईंचे झाड चार ठिकाणी झालेले असेल आणि मूळ झाडावर आपला हात मोकळा चालेल.

छाटणीसाठी फेब्रुवारीचा शेवट ते मार्च हा काळ उत्तम, कारण पुढे उन्हाळाभर झाडाला फुटवे काढण्यास ऊब मिळते. खोडाकडे जवळून पाहिले तर त्यावर थोड्या थोड्या अंतराने बांगडीसारखी कंगोऱ्याची रेघ दिसेल. पूर्वी तेथे पाने होती आणि त्याच रेघेत डोळे झोपलेले असतात. उसाच्या कांडीला डोळा जसा पेरावरच असतो, तसेच येथेही आहे. काप या रेघेच्या अर्धा-पाऊण इंच वर घ्यावा. अगदी रेघेवर कापले तर सुकत जाणारा भाग डोळ्यालाही घेऊन जातो. थोडे अंतर ठेवले तर वरचा तुकडा सुरकुतून, वाळून, रेघेपाशी येऊन थांबतो आणि बोटाने हलकेच ढकलला की आपोआप सुटतो. त्याला ओढून काढण्याची घाई करू नये. पंधरवड्यात रेघेच्या दोन्ही बाजूंना मोहरीच्या दाण्याएवढे हिरवे टिंब दिसू लागते. तो नवा फुटवा.

जेडची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात असते. त्यामुळे काप कोणत्या जोडीच्या वर घेतला यावरून नव्या फांद्या डावी-उजवीकडे फुटतील की पुढे-मागे, हे आपल्याला आधीच ठरवता येते. दोन्ही फुटव्यांतील नको त्या दिशेचा लहानपणीच खुडावा. दक्षिण चीनमधील लिंगनान परंपरेत झाडाला असाच, वाढू द्यावे आणि छाटावे या पद्धतीने आकार देतात. जेडसाठी मला हीच पद्धत सर्वांत योग्य वाटते. तार वापरावीच लागली तर दीड-दोन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची वापरावी, त्याआधी पाच-सहा दिवस पाणी तोडावे म्हणजे फांदी किंचित मऊ पडून सहज वाकते, आणि तार दर आठवड्याला पाहावी. मांसल सालीत तार फार लवकर रुतते आणि तिचा व्रण वर्षानुवर्षे जात नाही. मोठ्या पानाच्या जेडची जाड फांदी मात्र वाकवू नये. ती गाजरासारखी कट्कन मोडते.

तीन फुटांचे झाड पहिल्या वर्षी दीड फुटावर आणावे, दुसऱ्या वर्षी फांद्या घडवाव्यात आणि मुळांना त्यानंतर हात लावावा. एकाच दिवशी शेंडा आणि मुळे दोन्ही कापू नयेत. मुळांच्या वेळी झाड आठवडाभर कोरडे ठेवून कुंडीतून काढावे, माती झटकावी, खाली जाणारी जाड मुळे कापावीत, आडवी पसरलेली राखावीत. मग तीन-चार दिवस सावलीत तसेच उघडे ठेवून काप वाळू द्यावेत, कोरड्या मिश्रणात बसवावे आणि आणखी आठवडाभर पाणी घालू नये. इतर झाडांच्या बाबतीत असे करणे म्हणजे त्यांना मारणे होय. जेडच्या बाबतीत ओल्या जखमेवर पाणी घालणे घातक ठरते.

मिश्रणासाठी नदीकाठची काळी माती अजिबात नको. ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते. नीट भाजलेली, वाजवल्यावर खणखणीत वाजणारी वीट फोडून तिचे ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याएवढे तुकडे करावेत आणि पिठाच्या चाळणीने बारीक भुकटी काढून टाकावी. असे दोन भाग विटांचे तुकडे, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले पानांचे खत किंवा गांडूळखत. पन्हाळ्याकडचा जांभा मिळाला तर विटेच्या जागी तोही चालतो. भुकटी चाळण्याचा कंटाळा करू नये. तीच खाली बसून ट्रेची भोके बुजवते.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस फार. जुलैमध्ये जेडची पाने गळू लागली म्हणून पाणी कमी पडत असावे असे वाटून रोज घातले. आता खोड तळाशी मऊ झाले आहे आणि वास येतो. वाचेल का? – एक वाचक, राधानगरी

तळ वाचणार नाही, शेंडा वाचू शकतो, आणि आज संध्याकाळपर्यंत करण्याचे काम आहे. धारदार चाकू स्पिरिटने पुसून मऊ भागाच्या दोन इंच वर खोड आडवे कापावे. कापलेला भाग उजेडात धरून पाहावा. तो सर्वत्र एकसारखा हिरवट-पांढरा असला पाहिजे. मध्यभागी तपकिरी ठिपका किंवा कडेने तपकिरी कडे दिसले तर कूज अजून वर आहे. चाकू पुन्हा पुसून इंचभर वर कापावे, आणि स्वच्छ काप मिळेपर्यंत हेच करीत जावे. मिळालेला तुकडा वर्तमानपत्रावर सावलीत आठवडाभर ठेवला की कापावर कोरडी पापडी धरते. मग तो वरील मिश्रणात उभा करावा. पहिले आठ-दहा दिवस पाणी नको. कुजलेली माती फेकून द्यावी, कुंडी धुऊन कडक उन्हात वाळवावी.

आपल्याकडून झालेली चूक अगदी समजण्यासारखी आहे, कारण पाणी जास्त झाले आणि कमी झाले, दोन्ही वेळा पाने गळतात. फरक बोटांना कळतो. तहानलेल्या जेडचे पान पातळ, सुरकुतलेले आणि दुमडले तरी न मोडणारे असते. पाणी जास्त झालेल्याचे पान फुगीर, पिवळट, पाणीदार असते आणि नुसत्या स्पर्शाने गळते. जेडची पानांवरची सूक्ष्म छिद्रे दिवसा बंद राहून रात्रीच्या गारव्यात उघडतात, त्यामुळे त्याच्यातून पाणी फार थोडे उडते. जुलैच्या दमट हवेत तर जवळजवळ उडतच नाही. म्हणून पाणी ठरावीक वारी घालू नये. शेतकरी वाफसा पाहतो तसे बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. मातीचा कणही बोटाला चिकटला नाही तर पाणी द्यावे, आणि मग भरपूर, खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत द्यावे. आपल्याकडच्या पावसात जूनपासून सप्टेंबरपर्यंत झाड छपराखाली, पण उजेडाच्या बाजूला, वारा लागेल असे ठेवावे आणि त्या काळात पंधरा-पंधरा दिवस पाणी घालावे लागले नाही तरी काळजी करू नये.

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गात चाळीस मुले आहेत. प्रत्येकाला एकेक पान देऊन त्यापासून रोप करता येईल का? – एक वाचिका, कागल

मोठ्या पानाचा जेड असेल तर नक्की करता येईल, आणि मुलांना पाहण्यासाठी यासारखी दुसरी गोष्ट नाही. पान खुडताना मात्र ते आडवे हलवत, देठाच्या टोकापर्यंत पूर्ण सुटले पाहिजे; तुटलेल्या पानाला कधी मुळे फुटली तरी रोप येणे कठीण, कारण नवा कोंब त्या टोकाशीच जन्मतो. दोन-तीन दिवस सुकवून ते जाड वाळूवर नुसते ठेवावे, पुरू नये. साधारण तीन ते सहा आठवड्यांत टोकापाशी गुलाबीसर दोऱ्यासारखी मुळे निघतात आणि त्यांच्या मध्ये साबुदाण्यापेक्षाही लहान, पण दोन पानांची जोडी स्पष्ट दिसणारे रोप उभे राहते. मुळे दिसेपर्यंत पाणी घालू नये, नंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी फवारा पुरे. जुने पान आपले पाणी रोपाला देत देत सुरकुतत जाते. ते पूर्ण वाळेपर्यंत मुलांनी ते ओढू नये, एवढे बजावून ठेवावे. आता नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली तर डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत वाढ मंदावेल. फेब्रुवारीत केली तर परीक्षेआधी सर्वांना रोप दिसेल.

लहान पानाच्या जेडची पाने मात्र या कामी बहुधा निराशा करतात. त्याच्या चार इंची फांद्या घ्याव्यात, खालची तीन-चार पाने काढावीत, तीन ते पाच दिवस वाळवून लावाव्यात. तीन-चार आठवड्यांत त्या धरतात. हे झाड रुजायला किती तयार असते ते त्याच्या मूळ देशातही दिसते, कारण जमिनीला टेकलेल्या फांद्या तेथे आपोआप मुळे धरतात. बोन्सायचा विचार असेल तर फांदीच घ्यावी, कारण पानापासून बोटाएवढे खोड होण्यास चार-पाच वर्षे सहज जातात.

प्रश्न : आमच्या घराला लागूनच माग आहेत. जेडच्या पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतो. उडून आलेला असेल म्हणून झटकला, पण आठवड्याने पुन्हा तेथेच दिसतो. – एक वाचक, इचलकरंजी

काडीपेटीच्या काडीने तो कापूस दाबून पाहावा. मागावरचा कापूस काडीला कोरडा गुंडाळला जातो आणि पानांवर कोठेही पडलेला असतो. काडीला चिकट ओल लागली आणि तो नेमका बेचक्यातच असला तर ते पिठ्या ढेकूण आहेत. खोडावर मुंग्यांची ये-जा दिसत असेल तर खात्रीच समजावी, कारण मुंग्या त्यांच्या गोड स्रावासाठी येतात आणि त्यांना एका फांदीवरून दुसरीकडे नेतातही.

कान साफ करण्याची कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक पांढऱ्या ठिपक्याला लावावी. अंडी त्यातून वाचतात, म्हणून सात दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा हेच करावे. एकदाच करून थांबल्यामुळे ते परत आले असे सांगणारी पत्रे मला नेहमी येतात. कडुनिंबाच्या तेलाविषयी मी सावध आहे. जेडच्या पानांवर मेणासारखा पातळ थर असतो, तेलाच्या फवाऱ्याने तो बिघडून पानांना डाग पडू शकतात. वापरायचेच असेल तर एका फांदीवर करून आठवडाभर पाहावे, आणि उन्हात कधीही फवारू नये. शिवाय झाड एकदा कुंडीतून अलगद उचलून मुळे पाहावीत. कुंडीच्या आतल्या भिंतीवर पीठ सांडल्यासारखे दिसले तर हीच कीड मुळांवरही आहे, आणि मग सारी माती बदलावी लागेल. आपल्याकडे शेंगदाण्याच्या पेंडीचे पाणी खत म्हणून घालण्याची पद्धत आहे. गच्चीवर ते ठीक आहे, घरातल्या ट्रेला मात्र त्याने वास आणि चिलटे येतात. महिन्यातून एकदा चमचाभर गांडूळखत जेडला पुरते.

प्रश्न : जेडला फुले का येत नाहीत? आणि घरात मांजर आहे, ते पाने कुरतडते, त्याला काही होईल का? – एक वाचिका, शाहूपुरी

मोठ्या पानाच्या जेडला पुरेसे वय झाल्यावर थंडीत चांदणीसारखी पांढरी-गुलाबीसर फुले येतात. त्यासाठी लहान दिवस, गार रात्री आणि कमी पाणी, तिन्ही लागतात. रात्री दिवा जळत असलेल्या खोलीत त्याला दिवस लहान झाल्याचे कळतच नाही. शिवाय फुले फांदीच्या टोकावर येतात आणि बोन्सायची टोके आपण सतत खुडत असतो, त्यामुळे फुले हवी असतील तर एखादे झाड न छाटता गच्चीवर वेगळे वाढवावे.

मांजराचे उत्तर झाडावर अवलंबून आहे. मोठ्या पानाचा जेड मांजरांना आणि कुत्र्यांना बाधतो. खाल्ल्यावर उलट्या होतात, जनावर सुस्त पडते, चालताना तोल जातो. असे दिसले तर पानाचा तुकडा सोबत घेऊन पशुवैद्यांकडे जावे. लहान पानाचा जेड बाधत नाही. दक्षिण आफ्रिकेत माणसेही त्याची पाने खातात, आणि रात्री साठलेल्या आम्लामुळे ती सकाळी आंबट लागतात. आपल्या घरी हाच ठेवावा, आणि त्यावर कोणतेही औषध मारले असेल तर पुढचे काही आठवडे तोही मांजराच्या तोंडी लागणार नाही अशा उंच खिडकीत हलवावा.